चार रुपयांची मास्तरीण: शाळेचं दार, छोटं अनुदान आणि आपलं नागपूर

इअरफोन घरी राहिलेत, नेट पुरत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं, अशा सगळ्यांसाठी आजच्या एपिसोडचं हे लेखी रूप. माइकसमोर जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय.

आजची गोष्ट चार रुपयांची आहे. महिन्याला चार रुपये. शंभरेक वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका मिशन शाळेत एका शिक्षिकेला एवढाच पगार होता. ती महार समाजातली आहे हे कळलं आणि सवर्ण पालकांनी शाळेवर बहिष्कार टाकला. आमच्या मुलांना ही शिकवणार नाही, म्हणाले. मग बाईंची नोकरी गेली.

त्यांचं नाव जाईबाई चौधरी. नागपूरकरांपैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? शाळेच्या पुस्तकात तर आपल्याला त्या भेटल्या नाहीत.

मग आज जाईबाई का? कारण शाळेत वेगवेगळी मुलं एकत्र बसावीत, एकमेकांना समजून घ्यावीत, म्हणून शिक्षकांना छोटी छोटी अनुदानं देण्याची पद्धत आज जगात बऱ्याच ठिकाणी आहे. अमेरिकेत सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर नावाच्या संस्थेने १९९१ मध्ये 'टीचिंग टॉलरन्स' हा उपक्रम सुरू केला. आता त्याचं नाव 'लर्निंग फॉर जस्टिस' आहे. त्यात शिक्षकाने स्वतः अर्ज करायचा, आपल्या वर्गात काय करणार ते लिहायचं, आणि काहीशे ते काही हजार डॉलर मिळवायचे, अशी सोय होती. रक्कम छोटी, पण थेट शिक्षकाच्या हातात.

ऐकायला छान वाटतं. पण प्रश्न असा, की एवढ्याशा पैशाने वर्ग बदलतो का? आणि बदलत असेल, तर कधी? याचं उत्तर अमेरिकेत शोधायची गरज नाही. आपल्याकडे या प्रश्नाला दीडशेहून जास्त वर्षांचा इतिहास आहे. चला, सुरुवातीपासून बघू.

धारवाडचा एक मुलगा

१८५४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने भारतातल्या शिक्षणासाठी एक धोरण पाठवलं. 'वुडचा खलिता' म्हणून आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची होती: अनुदान. म्हणजे सगळ्या शाळा सरकार काढणार नाही. लोक काढतील, संस्था काढतील, मिशनरी काढतील, आणि नियम पाळणाऱ्या शाळेला सरकार थोडे पैसे देईल. आपण आजही 'अनुदानित शाळा' म्हणतो ना, तिचं मूळ हे.

आता जरा नागपूरच्या बाहेर, मुंबई इलाख्यात जाऊ. खलित्यानंतर दोनच वर्षांनी, जून १८५६ मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. शाळेने नाही म्हटलं. मुलाने सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारने काय म्हणावं? न्याय मुलाच्या बाजूने आहे हे मान्य. पण एका मुलाला घेतलं तर बाकीचे सगळे निघून जातील, आणि शाळेचा कुणालाच उपयोग उरणार नाही.

हा युक्तिवाद लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

प्रकरण थेट लंडनला गेलं. १८५८ मध्ये कंपनीच्या संचालकांनी कळवलं, की सरकारी शाळा सगळ्या वर्गांसाठी खुल्या आहेत. त्यानंतर मुंबई सरकारने जे जाहीर केलं त्याचे दोन भाग होते. पहिला: जी शाळा पूर्ण सरकारी पैशावर चालते ती सगळ्यांना खुली. दुसरा: जिथे सरकारचा थोडा आणि लोकांचा थोडा पैसा आहे, तिथे लोकांची हरकत असेल तर आम्ही जबरदस्तीने मुलं बसवणार नाही. मात्र जात बघून कुणाला शिक्षण नाकारलं, तर त्या शाळेची मदत बंद करायचा हक्क आम्ही राखून ठेवतो.

'हक्क राखून ठेवतो.' म्हणजे कागदावर दार उघडलं आणि किल्ली खिशात ठेवली. पैसा द्यायचा, पैशाला अट लावायची, पण ती अट वापरायची नाही.

फुल्यांनी पगारावर बोट ठेवलं

१८८२ मध्ये हंटर कमिशन आलं. जोतीराव फुल्यांनी या कमिशनपुढे निवेदन दिलं. आपण ते 'प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा' या मागणीसाठी लक्षात ठेवतो. पण त्या निवेदनात शिक्षकांबद्दलही बरंच आहे. फुले म्हणाले, शिक्षक शेतकरी वर्गातूनही यावेत, मुलांमध्ये मिसळणारे असावेत, आणि त्यांना पगार नीट द्या. किती? बारा रुपयांपेक्षा कमी नको, मोठ्या गावात पंधरा किंवा वीस.

म्हणजे फुल्यांना दोन गोष्टी एकत्र दिसत होत्या. वर्गात कोण बसणार हा प्रश्न फक्त नियमाचा नाही. वर्गात शिकवणारा कोण आहे आणि तो कशावर जगतो, याचाही तो प्रश्न आहे. ज्या मास्तराचं घर गावातल्या बड्या लोकांच्या मर्जीवर चालतं, तो त्यांच्या मनाविरुद्ध एखाद्या मुलाला पुढच्या बाकावर कसा बसवणार?

आता हा बारा रुपयांचा आकडा डोक्यात ठेवून नागपूरला परत येऊ.

उमरेडहून नागपूर

नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. १८७७ मध्ये जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे सुरू झाली. गावातली जुनी कामं सोडून अनेक महार कुटुंबं गिरणीत आली. हातात रोख मजुरी आली, वस्त्या वाढल्या, आणि त्या वस्त्यांमधून पुढारी उभे राहिले.

त्यातले एक किसन फागूजी बनसोडे. मोहप्याचे. समाजात शिक्षण आणि संघटना उभी करण्यात त्यांनी आयुष्य घातलं. 'विटाळ विध्वंसक' नावाचं पत्र काढलं. नावच बघा ना! १९०७ मध्ये पाचपावलीत त्यांनी मुलींसाठी शाळा काढली आणि तिला संत चोखामेळ्याचं नाव दिलं. ज्या संताला विठ्ठलाच्या देवळात पाय ठेवू दिला नाही, त्याच्या नावाची शाळा. नाव वाचूनच कळत होतं, कुणाला बाहेर ठेवलंय आणि कुणासाठी दार उघडतंय.

याच काळात जाईबाई मोठ्या होत होत्या. जन्म १८९२ चा, उमरेडचा. १८९६ च्या दुष्काळात मध्य प्रांत होरपळला आणि त्यांचं कुटुंब नागपूरला आलं. १९०१ मध्ये, म्हणजे नऊ वर्षांच्या असताना, बापूजी चौधरींशी लग्न झालं. घरात गरिबी. जाईबाईंनी डोक्यावर ओझी वाहिली, हमाली केली. आणि शिकल्या. ग्रेगरी नावाच्या एका मिशनरी बाईंना त्यांच्यातली हुशारी दिसली. त्यांनी जाईबाईंना मिशन शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. महिना चार रुपये.

फुल्यांनी १८८२ मध्ये मागितले होते किमान बारा. कितीतरी वर्षांनंतर जाईबाईंना मिळत होते त्याच्या एक तृतीयांश. तरी ती नोकरी मोठीच होती, कारण त्या वर्गात एक दलित बाई फळ्यासमोर उभी होती आणि सगळ्या जातींची मुलं समोर बसली होती. आज आपण ज्याला 'विविधता' म्हणतो, ती तिथे होती. कुठल्याही भाषणाशिवाय.

ती टिकली नाही. धारवाडचा तोच युक्तिवाद नागपुरात आला, फक्त यावेळी प्रश्न विद्यार्थ्याचा नव्हता, शिक्षिकेचा होता. पालकांनी मुलं काढली. शाळेला मुलं हवी होती. एक बाई गेली की मुलं परत येणार होती.

इथे थोडं थांबू. मिशनरी बाईंनी नोकरी दिली, हे चांगलंच केलं. पैसाही होता, इच्छाही होती. मग काय कमी पडलं? बहिष्कार झाला तेव्हा जाईबाईंच्या मागे उभा राहील असा एकही नियम नव्हता. मुलं काढून घेण्याची ताकद पालकांकडे होती. शिक्षिकेकडे चार रुपये होते, आणि तेही दुसऱ्याच्या मर्जीवर.

मग स्वतःची शाळा

जाईबाई रडत बसल्या नाहीत. १९२२ मध्ये त्यांनी नागपुरात संत चोखामेळा मुलींची शाळा सुरू केली. नाव पुन्हा चोखोबांचंच.

कुणी म्हणेल, ही तर आपल्याच समाजातल्या मुलींची वेगळी शाळा झाली. मग यात 'सगळे एकत्र' कुठे आहे?

प्रश्न बरोबर आहे, पण क्रम बघा. जाईबाई आधी सगळ्यांच्या शाळेतच शिकवत होत्या. तिथून त्यांना बाहेर काढलं. वेगळी शाळा ही त्यांची आवड नव्हती, शिल्लक राहिलेला रस्ता होता. वेगळी शाळा का झाली, हे विचारायचं असेल तर ज्यांनी मुलं काढून घेतली त्यांना विचारायला हवं. आणि या वेगळ्या शाळेतून ज्या मुली शिकून बाहेर पडल्या, त्याच पुढे सगळ्यांच्या शाळेच्या दारावर हक्काने थाप मारणार होत्या. वाचताच येत नसेल तर हक्काचा कागद कोण वाचणार?

त्याच वर्षांत नागपूरच्या बाहेरही हवा बदलत होती. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून मुलांना सर्वसाधारण शाळेत घ्यायचा हुकूम काढला. पुढच्याच वर्षी, मे १९२० मध्ये, नागपुरात अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली, तिचे अध्यक्ष शाहू महाराजच होते, आणि तरुण बाबासाहेब तिथे आले होते. १९२३ मध्ये मुंबई सरकारने शेवटी किल्ली खिशातून काढली: जी अनुदानित शाळा अस्पृश्य मुलांना प्रवेश नाकारेल, तिला अनुदान नाही.

१८५८ मध्ये राखून ठेवलेला हक्क वापरायला पासष्ट वर्षं लागली. एखादं मूल पहिलीत गेलं असतं तर तेवढ्यात आजोबा झालं असतं.

अट निघाली म्हणून गावोगावी लगेच सगळं बदललं असं नाही. १९२८ मध्ये बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्यांच्या शिक्षणाचं निवेदन ठेवलं. त्यात धारवाडच्या त्या मुलापासूनचा हा सगळा इतिहास आहे. सरकार तत्त्व कसं मान्य करतं आणि अंमलबजावणीत कसं कच खातं, हे त्यांनी सरकारच्याच कागदांवरून दाखवलं.

शिकलेल्यांच्या पंगतीत

तुम्हाला वाटेल, शिकलेल्या लोकांमध्ये तरी असं होत नसेल. ऐका.

ऑल इंडिया विमेन्स कॉन्फरन्स ही संस्था १९२७ मध्ये पुण्यात सुरू झाली, तीच मुळी स्त्री शिक्षणाच्या सुधारणेसाठी. डिसेंबर १९३७ मध्ये तिचं अधिवेशन नागपुरात भरलं. जाईबाई तिथे गेल्या. पंधरा वर्षं मुलींची शाळा चालवणारी बाई, म्हणजे त्या मंडपात बसण्याचा हक्क कुणापेक्षा कमी नव्हता. जेवणाच्या वेळी मात्र त्यांना वेगळं बसवलं.

नागपूरच्या दलित बायकांनी हे गिळलं नाही. १ जानेवारी १९३८ ला त्यांनी निषेधाची सभा घेतली. आणि पुढे जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात, मोहन पार्कात, दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या, बाबासाहेब त्यांच्याशी बोलले. मुलींसाठी सरकारी खर्चाने वसतिगृहं हवीत, शिष्यवृत्त्या हव्यात, अशा मागण्या झाल्या. यात दया मागितलेली नाही. हिशोब मागितलेला आहे.

ही सगळी माहिती आपल्यापर्यंत पोचली ती मुख्यतः ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्यामुळे. या दोघींनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना शोधून काढलं, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं. ते १९८९ मध्ये आलं. वाचलं नसेल तर नक्की वाचा.

एक कलम

आता सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. भारताच्या संविधानाचं कलम २९, पोटकलम २. साध्या मराठीत: सरकारी किंवा सरकारी पैशाची मदत घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणाने कुणालाही प्रवेश नाकारता येणार नाही.

ओळखीचं वाटतंय? धारवाडची अट. १८५८ मध्ये 'हक्क राखून ठेवतो' होतं, १९२३ मध्ये सरकारी ठराव होता, आणि १९५० पासून तो नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. पैसा घेताय ना? मग दार सगळ्यांना उघडं.

हा वाद संपला असं समजू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. त्या मुलांचा खर्च सरकारने शाळेला द्यायचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने नियम बदलला: जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट. पालक कोर्टात गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. म्हणजे श्रीमंत आणि गरीब मुलं एका बाकावर बसणार का, हा प्रश्न परवापरवापर्यंत कोर्टात होता.

मग छोट्या अनुदानाचं काय?

आपल्याकडे शिक्षकाच्या हातात थेट छोटा पैसा कधी आला का? आला. २००१ मध्ये सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला ५०० रुपये मिळायचे, शैक्षणिक साहित्यासाठी. आपल्यापैकी अनेकांनी पहिली-दुसरीत बघितलेले ते पुठ्ठ्याचे तक्ते, मणी, शब्दपट्ट्या त्यातूनच आलेल्या असतील. आता समग्र शिक्षा योजनेत शाळेला पटसंख्येनुसार एकत्रित अनुदान मिळतं. त्यात डागडुजी, खडू, वीजबिल, स्वच्छता, सगळं बसवायचं.

आता नागपूरचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. घरी कुणी वऱ्हाडी बोलतं, कुणी गोंडी, कुणी छत्तीसगढी. जरीपटक्याकडे सिंधी, मोमिनपुऱ्यात उर्दू. एकाची आई बांधकामावर, एकाचे वडील आयटी कंपनीत. या मुलांनी एकमेकांच्या घरची भाषा ऐकावी, सण समजून घ्यावेत, एका पंगतीत जेवावं, यासाठी फार पैसा लागत नाही. गोंडी गोष्टींची चार पुस्तकं, आजी-आजोबांना वर्गात बोलवायला ऑटोचं भाडं, एक दिवसाची सहल. काही हजारांत होतं. आज असं काही करणारे शिक्षक बहुतेक वेळा स्वतःच्या खिशातून करतात.

म्हणून अशी छोटी अनुदानं हवीत, असं आम्हाला वाटतं. पण जाईबाईंची गोष्ट ऐकल्यावर नुसता चेक पुरेसा नाही, हेही कळतं. तीन गोष्टी लागतात.

एक, पैसा शिक्षकाच्या हातात यावा, आणि त्याचा हिशोब पानभराचा असावा. पाचशे रुपयांसाठी पाच फॉर्म भरायचे असतील तर कुणी अर्ज करणार नाही.

दोन, पैशाला अट हवी, आणि ती वापरायची तयारी हवी. अट खिशात ठेवली की पासष्ट वर्षं जातात.

तीन, आणि हे सगळ्यात अवघड: पालक चिडले, व्हॉट्सअॅप ग्रुपवर ओरड झाली, 'आमच्या मुलांना हे काय शिकवता' म्हणून फोन आले, तर त्या शिक्षकामागे शाळा आणि खातं उभं राहायला हवं. जाईबाईंना शिकवता येत होतं, नोकरी देणारी बाईही होती. बहिष्काराच्या दिवशी मात्र त्या एकट्या होत्या. आजही सगळ्यांना एकत्र बसवायचा उत्साह शिक्षकाचा असतो, आणि किंमतही त्यालाच चुकवावी लागते. अनुदानाचं खरं काम ती किंमत वाटून घेणं आहे.

जाईबाईंच्या नावाची शाळा आज नागपुरात आहे. रोज शेकडो माणसं पाटीसमोरून जात असतील. आता तुम्हाला त्या नावामागची बाई माहीत आहे. ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा.

आणि एक काम. तुमच्या शाळेत असे एखादे सर किंवा बाई होत्या का, ज्यांनी तुम्हाला कुणाशेजारी तरी बसवलं आणि तुमचं डोकं उघडलं? त्यांना फोन करा. विचारा, तेव्हा कोण चिडलं होतं आणि मागे कोण उभं राहिलं होतं. जे उत्तर येईल ते आम्हाला व्हॉइस नोटमध्ये पाठवा. सरांचं, बाईंचं नाव सांगायची गरज नाही, गोष्ट सांगा. निवडक गोष्टी पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवू.

भेटूच. तोपर्यंत ऐकत राहा, वाचत राहा. जय भीम, नमस्कार!